उगम, एका वाक्यात

लिडबर्न नदीची लांबी किती, असं कुणी विचारलं
तर मी उलट विचारते, कोणत्या महिन्यात?

मार्चमध्ये ती चर्चच्या मागे, कबरींच्या खालच्या अंगाला
गवतातून वर येते. फुटत नाही, उसळत नाही,
घडी घातलेल्या ओल्या कपड्यातून पाणी झिरपावं तशी.
ऑगस्टात तिथे मेंढ्या चरतात
आणि नदी चार मैल खाली सुरू होते,
तबेल्यामागच्या खड्ड्यातून,
जणू मधलं काही घडलंच नाही.

दोष खडूचा. हे डोंगर खडूचे,
फळ्यावर लिहायचा तोच, आतून स्पंज.
पाऊस आज पडतो, नदीला कळतं तीन महिन्यांनी.
आमच्या खात्यातली पत्रंही साधारण तेवढाच वेळ घेतात.

माझं काम पट्टी वाचायचं.
पुलाखाली भिंतीला ठोकलेली, पांढऱ्यावर काळे आकडे.
गमबूट, वही, आणि वेग मोजायचा छोटा पंखा,
त्याला मी मनातल्या मनात भिंगरी म्हणते.

कोण किती पाणी घेतं त्याची फाइल माझ्याकडे आहे.
सगळ्यात जास्त हॅलबरी शहर: टेकडीच्या पोटात तीन बोअर,
रात्रंदिवस.
तिथे कुणालाही ठाऊक नाही की चहात नदी आहे.
किटलीच्या तळाशी पांढरा थर धरतो,
तेवढीच तिची सही.

मग डेरेक पॅजेटची वॉटरक्रेसची खाचरं.
भाताची असतात तशीच, फक्त पाणी थांबत नाही.
बारमाही दहा अंश; थंडीत सकाळी वाफा निघतात
आणि डेरेक त्यात गुडघाभर उभा, जुडी बांधत.
घेतलेलं सगळं परत सोडतो, हे तो दर भेटीत सांगतो.
माझ्या आईचा नियम होता,
शेजारणीची वाटी रिकामी परत पाठवायची नाही.
डेरेकही पाठवत नाही.
वाटीत थोडं फॉस्फेट असतं.

आणखी खाली, मैलापाणी केंद्राच्या पुढे,
उन्हाळ्यात निम्मी नदी म्हणजे हॅलबरीने वापरून, गाळून
परत केलेलं पाणी.
दिवसाला दीडशे पौंड भरून ट्राउट पकडायला येणारे
त्यातच उभे राहतात, निर्मळ चेहऱ्याने.
विचारलं तर सांगेन. अजून कुणी विचारलं नाही.

गिरणीचे आता फ्लॅट झाले.
चाकाच्या खड्ड्यावर काच, काचेवर जेवणाचं टेबल.

विनिफ्रेड स्टोक्सचं घर चर्चला लागून.
तळघराच्या दारावर आतून पेन्सिलीने तारखा:
तिच्या सासऱ्याच्या हातच्या, नवऱ्याच्या, मग तिच्या.
पाणी ज्या दिवशी पायरीला लागतं, तो दिवस.
एका साली तारीख नाही, नुसती आडवी रेघ.

"त्या वर्षी तुमच्या वहीत काय आहे?" तिने विचारलं होतं.
शून्य पूर्णांक शून्य शून्य, मी म्हणाले.
"अरे वा," ती म्हणाली, "इतकं अचूक?"

यंदा अकरा फेब्रुवारीला, पहाटे सहाला दहा कमी असताना
तिचा फोन. "वर आलीय."
नदीला इंग्रजीतही ती म्हणणारी माणसं
आता या गावात दोन-तीनच उरलीत.

टॉर्च घेऊन मी तळघरात उतरले
आणि पाणी दिसायच्या आधी पायाला लागलं,
इतकं नितळ.
खालून तिसरी पायरी.
विनिफ्रेड वरच थांबली होती, कठड्याला धरून,
हात हल्ली थरथरतो म्हणून पेन्सिल तिने माझ्याकडे दिली.
मी तारीख लिहिली. सासरा, नवरा, ती, आणि खाली माझा आकडा,
अकरातले दोन्ही एक मराठी वळणाचे.
तिने चष्मा लावून पाहिलं, काही म्हणाली नाही.

चौथीच्या भूगोलात प्रश्न असायचा:
नदीचा उगम कोठे होतो? एका वाक्यात उत्तर लिहा.
उत्तराला एक गुण. नकाशावर एक ठिपका, न हलणारा.

विनिफ्रेडच्या तळघरात, बाई. आज.

मग आम्ही बटाट्यांची पोती वरच्या फळीवर चढवली
आणि पंप शोधायला लागलो.